टॉप व्हेरिएंटमधला एकोपा

मानवजातीच्या वाटचालीत तीन शोध निर्णायक ठरले. पहिला अग्नी, दुसरा चाक आणि तिसरा, माणसामाणसांतलं वैर टक्क्यांत मोजणारं यंत्र. पहिल्या दोन शोधांच्या वेळी आमच्या घराण्यातलं कोणी हजर होतं की नाही, याची नोंद नाही. तिसरा मात्र थेट आमच्या दारात आला. तो आला, कारण त्याच्याबरोबर दोन कपहोल्डर जास्त मिळत होते.

कपहोल्डरांची गरज मला नव्हती. गरज होती माझ्या थोरल्या भावाच्या नाकावर टिच्चून काहीतरी करण्याची. आम्ही कराडात एकाच इमारतीत राहतो. विलासदादा खाली, मी वर. दादाने दिवाळीत ‘वसुधैव’ घेतली होती. सात जणांची, उंच, रुंद, गल्लीत वळताना शेजाऱ्यांच्या तुळशी आत घ्यायला लावणारी. मागच्या दारावर चकचकीत अक्षरांत ‘झेड प्लस’ लिहिलेलं. ती अक्षरं जिन्याच्या तोंडाशी येतील अशीच तो गाडी लावायचा. भाजी घेऊन घरी आलं की आधी ती वाचावी लागायची, मग वर जायचं.

मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. तीस वर्षं लोकांच्या तराजूंचा पासंग काढला. स्वतःचा कधी काढला नाही, ही पुढची गोष्ट.

शोरूममध्ये पद्मजा, म्हणजे माझी बायको, बरोबर होती. सर्वेश नावाचा एक पोरगेला विक्रेता आम्हाला व्हेरिएंट समजावून सांगत होता.

“एल म्हणजे बेसिक, सर.”

“त्यात काय असतं?”

“गाडी असते. एलएक्सला मागे एसीची हवा येते. झेडला काचेचं छत उघडतं. झेड प्लसला सीटमधून गार वारा येतो, पहिल्या दोन रांगांना.”

“आणि तिसऱ्या रांगेला?” पद्मजाने विचारलं.

“तिसऱ्या रांगेत मॅडम, आपण शक्यतो तशी मंडळी बसवतो.”

“तशी म्हणजे?”

“प्रत्येक घरात असतात ना,” सर्वेश अदबीने म्हणाला.

मी विचारलं, “झेड प्लसच्या वर काय आहे?”

सर्वेशने आवाज खाली आणला. “झेड प्लस ओ.”

“ओ म्हणजे?”

“ऑप्शनल.”

“त्यात काय ऑप्शनल आहे?”

“काहीच नाही, सर. सगळं घ्यावंच लागतं.”

या ओमध्ये आतले दिवे चौसष्ट रंगांचे होते. पाच सुगंध होते, त्यात एक केवडा. पुढच्या दोन खुर्च्या बटण दाबताच गर्रकन मागे वळत आणि गाडीत समोरासमोर बैठक तयार होई. तिसऱ्या रांगेत ते दोन कपहोल्डर. “आणि एकोपा,” सर्वेश म्हणाला.

एकोपा म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. गाड्या स्वतः चालायला लागून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. हायवेवर माणसाने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा नियमच होता. त्याने अपघात कमी झाले, पण एक वेगळाच प्रकार वाढला. पूर्वी गाडीत भांडण लागलं तर निदान एका पक्षाला रस्त्याकडे बघावं लागायचं. आता दोन्ही पक्ष मोकळे झाले. त्यात खुर्च्या वळल्या, गुडघ्याला गुडघा लागला. धावत्या गाडीचं दार उघडणं, तिरमिरीत ब्रेकचं लाल बटण दाबणं, सासऱ्याने स्टिअरिंग आणि जावयाने सासरा ओढणं, असले प्रसंग रोज घडू लागले. गाडी शहाणी झाली होती, पण आत पूर्वीचीच माणसं बसत होती.

त्यावर कंपनीने उपाय शोधला. गाडीच्या छतात एक चपटं रडार बसवलं. त्यातून निघणाऱ्या लहरी माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्याने त्याहून कितीतरी कमी, केसाच्या जाडीइतकी. रडारला तेवढं पुरतं. कोट असो, शालू असो, त्याला अडत नाही. एका प्रयोगशाळेत असं दिसलं होतं, की मनं जुळलेली माणसं जवळ बसली की थोड्या वेळाने त्यांचे श्वास आणि ठोके एकाच लयीत वरखाली होऊ लागतात. भजनात टाळ हळूहळू एकत्र पडायला लागतात, तसे. वैर असलं तर ज्याची त्याची लय वेगळी. ही जुळणी शंभरपैकी किती, ते यंत्र सांगतं. त्याला म्हणायचं एकोपा अंक.

“अंक तीसच्या खाली गेला की गाडी कडेला थांबते,” सर्वेश म्हणाला. “स्टिअरिंगसुद्धा आत जातं. रागावलेल्या माणसाच्या हातात द्यायचं नाही म्हणून. परत निघायला पन्नास लागतात.”

“हे बंद करता येतं?”

“येतं ना. अंक सत्तरच्या वर असताना सगळ्यांनी अंगठे लावून एकमताने बंद करायचं.”

“सत्तरच्या वर असताना बंद कोण कशाला करेल?”

“कोणीच करत नाही, सर. ग्राहक अगदी समाधानी आहेत.”

“खालच्या व्हेरिएंटमध्ये हे नाही?”

“नाही. तिथे भांडू शकता.”

पद्मजा म्हणाली, “आपण झेड घेऊ या.” तिचं म्हणणं मी पूर्ण ऐकून घेतलं आणि झेड प्लस ओ घेतली.

गाडी दारात आली तेव्हा दादा पायरीवर उभा राहून दात कोरत होता. त्याने मागच्या दारावरची अक्षरं वाचली.

“ओ म्हणजे काय रे, शिऱ्या?”

“ऑप्शनल.”

“म्हणजे नसलं तरी चालतं ते?” असं विचारून तो आत गेला.

*

पुढच्याच महिन्यात माझ्या मुलीचा, ऋजुताचा साखरपुडा ठरला. पुण्यात, धुमाळांच्या कौस्तुभशी, त्यांच्याच घरी, दुपारी बारा वीसला. ऋजुताने एकच अट घातली होती. तिचा मामा आणि तिचा काका, दोघांनी एका गाडीतून यायचं आणि एका गाडीतून उतरायचं.

मामा म्हणजे पद्मजाचा धाकटा भाऊ, उदयराव टिळेकर. इस्लामपूरला बांधकामं करतो. ऋजुता कॉलेजची दोन वर्षं त्याच्याच घरी राहिली. रोज सकाळी तो तिला स्कूटरवरून सोडायचा आणि संध्याकाळी फाटकाशी उभा राहायचा. काका म्हणजे दादा. त्याने तिला पोहायला शिकवलं, सायकल शिकवली, आणि दहावीच्या निकालाला तिच्यापेक्षा जास्त रडला. या दोघांचं एकमेकांशी अकरा वर्षांत बोलणं नव्हतं.

कारण होतं वास्तुशांतीची पत्रिका. आमची ही इमारत उदयरावाने उभी केली. चौदा महिने रोज इस्लामपूरहून येऊन, उन्हात उभं राहून, गवंड्यांशी घसा फोडून. पत्रिकेच्या शेवटी एक ओळ ठरली होती, ‘विशेष सहकार्य : श्री. उदय टिळेकर’. पत्रिका छापून आल्या, वाटल्या गेल्या आणि मग कळलं की ती ओळ त्यात नाही. मजकूर प्रेसमध्ये दादाने दिला होता. उदयरावाने ठरवलं, की ओळ दादाने खोडली. वास्तुशांतीच्या पंगतीत तो पानावर बसला, वरणभातावर तूप पडलं आणि तो उठून चालता झाला. दादाने ठरवलं, की हा आपल्या दारचा अपमान. तेव्हापासून एकाच्या कार्यात दुसरा नाही.

पद्मजा त्या प्रेसवाल्याला ओळखत होती. ओळ आपल्याच मशीनवर गळली, असं त्याने तिला शपथेवर सांगितलं. तिने ते भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, “ताई, तू सासरचं बोलतेस.”

*

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही गाडीपाशी जमलो. सहा माणसं होती. मी, पद्मजा, ऋजुता, दादा, रेखावहिनी आणि उदयराव. सातव्या आसनावर फळांच्या करंड्या आणि ओटीचं सामान ठेवून पट्टा लावला, नाहीतर गाडी ओरडते.

सगळे बसल्यावर गाडीने पडद्यावर सुचवलं, की आसन एक आणि आसन तीनवरच्या व्यक्ती समोरासमोर आणू नयेत, शक्य असल्यास एकीला शेवटच्या रांगेत बसवावं. ते वाचून कोणी विचारात घेतलं नाही. मुलीच्या मामाला साखरपुड्याला जाताना तिसऱ्या रांगेत कसं बसवायचं? आणि थोरल्या भावाला पुढे नाही तर कुठे? म्हणून मानाप्रमाणे बसलो होतो तसेच राहिलो. पुढे दादा आणि मी. मधे उदयराव आणि शालू सांभाळत ऋजुता. मागे पद्मजा, रेखावहिनी आणि करंड्या.

“माझ्या गाडीत मी मधे बसते,” रेखावहिनी गुडघे हनुवटीशी घेऊन म्हणाल्या. “वाऱ्यात.”

“इथे दोन कपहोल्डर आहेत, वहिनी,” मी म्हणालो.

“त्यात पाय ठेवू का?”

हायवेला लागलो. एकोपा अंक अठ्ठेचाळीस होता. उंब्रज गेलं तेव्हा दादा म्हणाला, “शिऱ्या, ती तुझी बैठक दाखव की. ऐकून ऐकून कान किटले.” आणि माझी वाट न बघता त्याने बटण दाबलं. आमच्या दोन्ही खुर्च्या मागे वळल्या. दादाचा गुडघा उदयरावाच्या गुडघ्याला लागला. अकरा वर्षांत दोघं एवढे जवळ आले नव्हते.

दादा उदयरावाच्या डोक्यावरून मागच्या काचेकडे बघत म्हणाला, “ऋजू, तुझ्या मामाला विचार, गुडघा जरा मागे घेणार का.”

“ऋजू, काकांना सांग,” उदयराव म्हणाला, “तो माझाच गुडघा आहे. पत्रिकेत नाव नसलं तरी.”

“आला पत्रिकेवर. उंब्रजलाच आला. मला वाटलं, साताऱ्यापर्यंत दम धरेल.”

“ज्यांना नावं खोडायची सवय आहे, त्यांना आठवण करून द्यावी लागते.”

“भरल्या ताटावरून उठणाऱ्याने आम्हाला रीत शिकवू नये,” मागून रेखावहिनी म्हणाल्या.

“रेखाताई, त्याचा घास तोंडात गेलाच नव्हता,” पद्मजा म्हणाली.

“मग काय, तूप वाया गेलं ते चाललं?”

“तुपाचं एवढं अकरा वर्षं लक्षात आहे?”

“साजूक होतं.”

अंक एकेचाळीस झाला. सातारा गेलं तेव्हा छत्तीस. पाचवडला बत्तीस. आतले दिवे आपोआप निळसर झाले आणि कुठूनतरी केवड्याचा वास सुटला. दादा म्हणाला, “हे काय फवारतंय? ढेकूण झालेत का गाडीत?” उदयराव दादाकडे रोखून बघत म्हणाला, “असतील.” भुईंजच्या पुढे गाडीने वेग कमी केला, डावीकडे घेतली आणि थांबली.

“आदरणीय कुटुंबीय,” गाडी गोड आवाजात म्हणाली, “एकोपा अंक सत्तावीस झाला आहे. आपल्या सुरक्षेसाठी आपण थांबलो आहोत. कृपया एकमेकांना समजून घ्या.”

साडेनऊ वाजले होते. लग्नसराईचा दिवस होता. टॅक्सीच्या ॲपवर दीड तास दाखवत होतं. दादाची गाडी कराडात होती, भांडायची पूर्ण मुभा असलेली.

मी दोघांना हातात हात द्यायला लावले. अंक बावीस झाला. पद्मजा म्हणाली, सगळे मिळून रोजची आरती म्हणू. ते जरा लागू पडलं, अंक एक्केचाळीसपर्यंत चढला. पण दुसऱ्या कडव्याला दादाने नेहमीप्रमाणे घाई केली. उदयराव म्हणाला, “देवाचंसुद्धा उरकायचंच.” आणि आम्ही परत पंचविसावर. पडद्यावर प्रत्येक आसनापुढे एक रेघ थरथरत होती. सहा रेघा सहा तऱ्हांच्या. आसन सातपुढे मात्र लिहिलं होतं, ‘पूर्ण शांत’. त्या करंड्या होत्या.

उदयरावाने दाराला हात घातला. “ताई, मी एसटीने परत जातो. पोरीच्या कार्यात माझ्यामुळे विघ्न नको.”

“उतरा,” दादा म्हणाला. “उठून जायची सवय आहेच.”

तेव्हा ऋजुता बोलली. इतका वेळ ती बांगड्या मोजत होती.

“मामा, दार लाव. काका, तुम्ही पण ऐका. बारा वीसला तुम्ही दोघं तिथे नसलात तर मी कौस्तुभला फोन करून आजचं रद्द करते. ज्या घरात माझी दोन माणसं एका गाडीत बसू शकत नाहीत, त्या घरातून मी दुसऱ्या घरात काय तोंडाने जाऊ? रुसवे घेऊन? सांगितलंय मी त्याला. तो म्हणाला, तू ठरव.”

ती रडत नव्हती. रडली असती तर आम्ही मिळून तिची समजूत घातली असती आणि अंक चढला असता. ती फोन हातात धरून बसली.

एवढ्यात काचेवर टकटक झाली. हायवेच्या गस्तीवरचा एक जण होता, शिटी गळ्यात, गॉगल कपाळावर.

“ओ, इथं काय बसलाय बैठक मारून? काढा की गाडी. सगळी शिकली-सवरलेली दिसताय.”

“गाडी निघत नाही हो,” दादा म्हणाला.

“निघत नाही म्हणजे? भांडलाय ना? दिसतंय तोंडावर. मग घरी भांडायचं. एवढी मोठी गाडी कशाला घेतली, आत मावत नाही म्हणून का?”

“तोंड सांभाळून बोला,” उदयराव म्हणाला.

“हो, सांभाळून,” दादा म्हणाला. अकरा वर्षांत दादा प्रथमच उदयरावाच्या पाठोपाठ तेच बोलला होता.

“बायकामाणसं आहेत गाडीत,” रेखावहिनी आणि पद्मजा एकदम म्हणाल्या.

आणि गाडी सुरू झाली. मी पडद्याकडे बघितलं. अठ्ठावन्न. सहाही रेघा एकत्र वर जात होत्या, एकत्र खाली येत होत्या. गस्तवाला मागे पडला, दिसेनासा झाला. रेघा सुट्या झाल्या. अर्धा किलोमीटर जाऊन गाडी पुन्हा कडेला लागली.

तीस वर्षं मी तराजूंबरोबर काढली आहेत. तराजूला पारड्यात काय आहे ते कळत नाही. केळी ठेवा, कांदे ठेवा, त्याला फक्त भार कळतो. या यंत्राचंही तसंच होतं. त्याला प्रेम कळत नव्हतं. सहा हृदयांना एकाच वेळी एकच गोष्ट वाटते आहे, एवढंच कळत होतं. ती गोष्ट कोणती, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. गस्तवाला सहाही जणांना सारखाच नकोसा झाला, म्हणून गाडी निघाली. पण तो रस्त्यावरचा माणूस होता, मागे राहिला. पुण्यापर्यंत पोचायचं तर नकोसा माणूस गाडीतच हवा होता.

मी गाडीत नजर फिरवली. दादाला नावडतं करावं, तर रेखावहिनी फुटणार. उदयरावाला करावं, तर पद्मजा आणि ऋजुता. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“उदयराव,” मी म्हणालो, “ती ओळ दादाने खोडली नाही. मी खोडली.”

दादाने मागच्या काचेवरची नजर माझ्यावर आणली.

“काय म्हणालास?” दादा.

“पत्रिकेतली. मी प्रेसमध्ये जाऊन खोडली. दादाला माहीत नव्हतं.”

गाडी सुरू झाली. पडद्यावर एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न असं होत होतं. पण एक रेघ इतरांच्यात मिसळत नव्हती. आसन पाच. पद्मजा. मी मागे बघितलं. ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. ओळ मशीनवर गळली हे तिला ठाऊक होतं. नवरा पोरीसाठी खोटं बोलतो आहे, हेही तिला कळलं होतं. त्या क्षणी तिला माझ्याबद्दल जे वाटत होतं ते बरंच चांगलं असावं, कारण अंक एकोणपन्नासवर आला.

“दाजी, खरं सांगताय?” उदयराव डोळे बारीक करून म्हणाला. “का गाडी निघावी म्हणून?”

सेहेचाळीस. छत्तीस. एकतीस. वेग कमी होऊ लागला.

तेव्हा मी ते सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण दुसरं काही शिल्लक नव्हतं.

“खोडली नाही,” मी म्हणालो. “गळली. पद्मजा सांगते ते खरं आहे. पण छापायच्या आधी प्रूफ माझ्याकडे आलं होतं. ओळ नाही, हे मी बघितलं. प्रेसवाला म्हणाला, साहेब, सगळं बरोबर आहे ना? मी म्हणालो, छापा.”

“का?” हे पद्मजाने विचारलं.

“कारण खात्यातली माणसं येणार होती. साहेब येणार होते. घर मी बांधलं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. मेव्हण्याने बांधून दिलं, हे पत्रिकेत वाचायला मला नको होतं. मग उदयराव पानावरून उठला, दादावर आळ आला. म्हटलं, दोघं बघून घेतील. अकरा वर्षं मला बरंच पडलं. दोघांचं माझ्याशी चांगलं होतं.”

गाडीने वेग घेतला. मी पडद्याकडे बघत नव्हतो, तरी गाडीनेच सांगितलं.

“अभिनंदन, आदरणीय कुटुंबीय. एकोपा अंक चौऱ्याण्णव.”

सहा रेघांची एकच जाड रेघ झाली होती. आसन पाच तीत होतं. आसन चार, म्हणजे माझी मुलगी, तीत होती. आणि सहा म्हटल्यावर मीही आलो. यंत्र खरं मानायचं, तर माझंही माझ्याबद्दल त्या पाच जणांसारखंच मत होतं.

पहिल्यांदा दादा बोलला, पण माझ्याशी नाही. “उदय, अकरा वर्षं तू मला चोर समजलास.”

“चुकलं माझं, दादा.”

“तुझं काय चुकलं? हा बसलाय ना इथे, लोण्याच्या गोळ्यासारखा.”

“लहानपणापासून असेच आहेत का हो हे?” उदयरावाने विचारलं.

“अरे, तुला सांगतो,” दादा म्हणाला आणि खुर्ची सरकवून सरसावून बसला. खंबाटकीचा बोगदा संपेपर्यंत माझ्या चौथीपर्यंतच्या लबाड्या झाल्या. शिरवळला कॉलेज झालं. रेखावहिनींनी मागून डबा उघडून उदयरावाला वडी दिली. पद्मजाने खिडकीबाहेर बघितलं, ते पुणं येईपर्यंत.

मी हळूच म्हणालो, “आता अंक सत्तरच्या वर आहे. सगळ्यांनी अंगठे लावले तर हे यंत्र कायमचं बंद करता येईल.”

मी सुचवलं म्हणून पाचही जणांनी नकार दिला. अंक पंच्याण्णव झाला.

बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी धुमाळांच्या दारात लागली. काका आणि मामा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उतरले. मधे ऋजुता. धुमाळ मंडळी म्हणाली, एवढं एकजीव घराणं हल्ली बघायला मिळत नाही. करंड्या मी उतरवल्या.

*

त्यानंतरच्या तीन महिन्यांत घरात माझ्याशी कोणी लागेल तेवढंच बोलायचं. पद्मजा “जेवायला वाढलंय” म्हणायची, तेही भिंतीला. प्रवासात मात्र माझ्यावाचून चालेना. दादा आणि उदयराव यांची घट्ट मैत्री झाली होती. शालू बघायला, हॉल बघायला, पत्रिका ठेवायला, सगळीकडे दोघं मिळून जात आणि जाताना मला घेत. मला घरी ठेवून एकदा निघाले होते. दादाने उदयरावाला चुन्याचा रंग कसा निवडावा ते सांगितलं आणि गाडी ओगलेवाडीच्या पुढे गेली नाही. तेव्हापासून सकाळी हॉर्न वाजला की मी मुकाट चप्पल घालायचो.

आमच्यासारख्या गाड्या बऱ्याच जणांकडे होत्या. वाटेत ढाब्यावर थांबलं की प्रत्येक झेड प्लस ओमधून शेवटी एक गृहस्थ एकटाच उतरायचा आणि लांबच्या टेबलावर बसायचा. आम्ही एकमेकांना मान हलवायचो. पुण्यात कोणी म्हणे दिवसाच्या बोलीवर अशी माणसं पुरवायला लागला होता. पण तो धंदा चालला नाही. परक्या माणसाचा तितका तिटकारा येत नाही, त्याला घरचाच लागतो.

आणि मग अंक उतरायला लागला.

पहिल्या महिन्यात नव्वदच्या खाली आला नाही. दुसऱ्या महिन्यात ब्याऐंशी, एकाहत्तर. राग रोज वापरला की झिजतो. पत्रिकेचं प्रकरण सगळ्यांचं तोंडपाठ झालं होतं. एकदा उदयराव ते सांगता सांगता झोपला. एकदा रेखावहिनींनी चुकून मला वडी दिली. पत्रिकांचा गठ्ठा आणायला गेलो तेव्हा अंक त्रेपन्न होता. दादा पडद्याकडे बघून चुकचुकला. मला मात्र आतून बरं वाटत होतं. मला माफी मिळत होती, रोज थोडी थोडी, आणि तिचा आकडा समोर दिसत होता. परवा तो बत्तीस होता. घरी आल्यावर पद्मजा भिंतीऐवजी माझ्याकडे बघून म्हणाली, “जेवून घ्या.”

काल सकाळी दोघं वर आले. दादा आणि उदयराव. धुतलेले कपडे, गंभीर चेहरे. मी खुर्च्या दिल्या. दादाने घसा साफ केला. मला वाटलं, झालं. थोरला भाऊ आहे, तोच पहिल्यांदा बोलणार. माझेही डोळे जरा भरून आले होते.

“शिऱ्या,” दादा म्हणाला, “रविवारी लग्न. पुण्याला पोचायचंय.”

“हो.”

“परवा बत्तीस होता.”

“बघितला मी.”

“दोन टक्क्यांवर पोरीचं लग्न ठेवता येत नाही, दाजी,” उदयराव म्हणाला. त्याच्या आवाजात तीन महिन्यांत नव्हता असा मऊपणा होता.

पद्मजा आतून चहा घेऊन आली. तीन कप होते. तिसरा तिने माझ्यापुढे ठेवला आणि पदराला हात पुसत माझ्याशेजारी बसली.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही आणखी काही केलं असेल ना? आठवून बघा की. छोटंसं असलं तरी चालेल.”